दुष्काळ की टंचाई?

घरातल्या आजी-आजोबांना विचारून बघा, १९७२ साली काय झालं होतं? उत्तर येईल, ‘बहात्तरचा दुष्काळ’. ‘बहात्तरची टंचाई’ असं कुणीच म्हणणार नाही. पण सरकारी कागदावर तेव्हा शब्द होता ‘टंचाई’!

फरक काय? टंचाई एखाद्या गोष्टीची असते. पाण्याची, चाऱ्याची, धान्याची. दुष्काळ म्हणजे अख्खा काळच वाईट. पीक, मजुरी, जनावरं, सगळंच हातचं जातं.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही बरं का. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसं मेली. त्यानंतर इंग्रजांनी ‘फॅमिन कोड’ आणले. दुष्काळ जाहीर झाला की सरकारनं लोकांना काम द्यायचं, ज्यांना काम झेपत नाही त्यांना फुकट अन्न द्यायचं. म्हणजे या एका शब्दाला जबाबदारी चिकटलेली होती. १९४३ मध्ये बंगालच्या सरकारनं हा कोड लागूच केला नाही. तिथं वीस लाखांहून जास्त लोक गेले.

आता महाराष्ट्रात या. १९६३ मध्ये आपल्या राज्यानं चक्क कायदा करून राज्यातल्या कायद्यांमधला ‘फॅमिन’ हा शब्द काढला आणि तिथं टंचाई या अर्थाचा ‘स्कॅर्सिटी’ घातला. कारण काय दिलं? टंचाईची चिन्हं दिसताच सरकार मदत करतं, त्यामुळे दुष्काळाची वेळच येणार नाही.

नऊच वर्षांनी बहात्तर उजाडलं. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. खरं सांगायचं तर या कामांनीच मोठी जीवितहानी टळली. यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. म्हणजे टंचाई म्हणणारं सरकार कामाला लागलं होतं, हेही खरं. पण ज्यांनी लाल मिलो आणि सुकडीवर दिवस काढले, त्यांच्यासाठी तो दुष्काळच होता.

हा वाद अजून संपलेला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये आधी ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली, आणि महिनाअखेरीस ‘दुष्काळ’. त्यामुळे पुढच्या वेळी बातमीत ‘टंचाई’ किंवा ‘सदृश’ ऐकलंत, तर थोडं थांबा. विचारा, या शब्दानं शेतकऱ्याच्या हातात नेमकं काय पडणार?

भेटू पुढच्या भागात!