ज्येष्ठ नागरिक आणि नव्या आरोग्यसेवा (मोर्शी तालुका)
अमरावती जिल्ह्यातील मोर्शी हा संत्र्याच्या बागांचा तालुका. येथे उपजिल्हा रुग्णालय असले, तरी विशेष उपचारांसाठी बहुधा अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते. नवी सेवा ज्येष्ठांनी स्वीकारावी यामागे खर्च, अंतर, मुलांची सोबत आणि ओळखीच्या माणसाचा शब्द ही कारणे प्रबळ ठरतात. त्यांतही शेवटचे सर्वांत मोलाचे. आशा सेविकेने घरी येऊन समजावले, की कागदी जाहिरातीने न हलणारे पाऊल उचलले जाते. उपचारांच्या खर्चाचा भार हलका करणाऱ्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या २०१२ मधील पहिल्या टप्प्यात अमरावती जिल्हा होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेचे आरोग्यविमा संरक्षण खुले झाले. कार्डासाठी मात्र आधारची पडताळणी लागते. शेतीकामाने झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जातो आणि मुलगा पुण्यात असतो. अशाने कार्ड रखडले, तर त्याला म्हाताऱ्यांचा हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे. ई-संजीवनी या सरकारी सेवेवरील दूरसल्ल्यातही शेजारी परिचारिका बसलेली असली, तर संकोच कमी होतो.