माळ्यावरचा रेडिओ, खणातला मोबाइल : काय जपावे, काय सोडावे?

मराठी घरात जुनी वस्तू सहसा टाकली जात नाही. ती बैठकीच्या खोलीतून आतल्या खोलीत जाते, तेथून कपाटावर आणि शेवटी माळ्यावर. पितळेची भांडी, सागवानी पेटी किंवा शिलाई यंत्र यांच्या बाबतीत ही रीत फायद्याचीच ठरली. पितळ मोडीतही किंमत राखते, लाकूड पुन्हा रंधून घेता येते. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मात्र याच माळ्यावर ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, व्हीसीआर, जुना संगणक आणि चार-पाच मोबाइल येऊन बसले आहेत. त्यांना भांड्यांचा नियम लागू पडत नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तू नुसती पडून राहिली तरी आतून बदलत असते. बॅटरी फुगते, सेल पाझरतो, फितीला बुरशी धरते. त्यामुळे अशा वस्तूंबाबत ‘राहू दे, कधीतरी लागेल’ हा निर्णय नसून निर्णय पुढे ढकलणे असते आणि त्याची किंमत घरालाच मोजावी लागते.

वस्तू सुटत का नाही?

या वस्तूंशी जडलेली माया अकारण नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ घरात ठेवायचा तर टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरचित्रवाणी आली; रंगीत संच घेणे हा तेव्हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या वर्षभराच्या हिशेबाचा विषय होता. पुढे २००३ मध्ये रिलायन्सने सुरुवातीला अवघे ५०१ रुपये भरून मोबाइल देण्याची योजना आणली आणि अनेक घरांत पहिला हँडसेट त्या मार्गाने आला. ज्या वस्तूसाठी पै-पै जमवली, ती भंगाराच्या तराजूत घालताना हात अडखळतो तो यामुळेच.

दुसरे कारण दुरुस्तीच्या परंपरेचे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथे सुटे भाग मिळत, गल्लीतला मेकॅनिक जुन्या संचातील भाग काढून दुसऱ्याला बसवत असे. ‘पार्ट कामाला येतील’ हा विचार त्या काळी व्यवहार्य होता. तिसरे कारण अलीकडचे आहे, ते म्हणजे जुन्या फोनमधील छायाचित्रे, संदेश आणि बँकेचे तपशील परक्याच्या हाती पडण्याची भीती. ही तिन्ही कारणे खरी असली, तरी त्यांवरचा उपाय माळा हा नव्हे.

यंत्र धडधाकट, यंत्रणा गेलेली

‘चालू स्थितीत आहे’ हे वस्तू ठेवण्याचे सर्वांत आवडते समर्थन. परंतु अनेक उपकरणे स्वतःच्या बळावर चालतच नाहीत. त्यांच्यामागे एखादे जाळे असावे लागते. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर केबलचे ॲनालॉग प्रसारण बंद होऊन सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला; पुणे, नागपूर व नाशिक या शहरांसाठी ही मुदत ३१ मार्च २०१३ होती. दूरदर्शननेही ॲन्टेनावर दिसणारे ॲनालॉग प्रक्षेपण देशाच्या बहुतेक भागांत २०२२ पर्यंत थांबवले. तो ५०१ रुपयांचा सीडीएमए हँडसेट तर आज कितीही उत्तम चार्ज केला तरी त्याला जोडून घेणारी सेवा उरलेली नाही. पेजरची गतही तीच.

याउलट काही यंत्रे स्वयंपूर्ण असतात. टेपरेकॉर्डर, तबकड्यांचा रेकॉर्ड प्लेयर, फिल्मचा कॅमेरा यांना बाहेरच्या जाळ्याची गरज नसते. वीज वा सेल आणि कॅसेट, तबकडी किंवा रीळ मिळाले की ती काम करतात. जुना एफएम रेडिओही उपयोगाचा आहे, कारण त्याचे प्रसारण चालू आहे. तेव्हा पहिला प्रश्न ‘चालते का?’ असा नसून ‘कशाच्या आधारावर चालते आणि तो आधार शिल्लक आहे का?’ असा हवा. या एका प्रश्नाने माळा बराचसा मोकळा होतो.

फितीवरचा आवाज

ज्या वस्तूंबाबत घाई करायला हवी, त्या मात्र नेमक्या विसरल्या जातात. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट आणि जेव्हीसीने १९७६ मध्ये आणलेली व्हीएचएस ही व्हिडीओ कॅसेट यांनी आपल्याकडील दोन-तीन पिढ्यांचे आवाज व चेहरे साठवले. लग्नाचे चित्रण, बारशाची गाणी, आजीच्या ओव्या, गावातल्या उत्सवातील कीर्तन, दूरच्या नातेवाइकांना पत्राऐवजी भरून पाठवलेला निरोप हे सारे त्यांत आहे. बाजारातील गाण्यांची कॅसेट गेली तर ते गाणे दुसरीकडे मिळते. घरच्या कॅसेटची दुसरी प्रत जगात कोठेही नसते.

फीत म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर चिकटवलेला चुंबकीय कणांचा थर. कण धरून ठेवणारे चिकट द्रव्य दमट हवेत पाणी शोषते, मऊ होते आणि फीत एकमेकींना चिकटू लागते. कोकण-मुंबईच्या पावसाळी हवेत पांढरी बुरशी धरते. फीत शाबूत राहिली तरी ती वाजवणारे यंत्र दुर्मीळ होत चालले आहे. व्हीसीआर बनवणारी अखेरची मोठी कंपनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये त्यांचे उत्पादन थांबवले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की, २०२५ पर्यंत ज्या चुंबकीय फितींची डिजिटल प्रत झाली नसेल, त्यांतील बहुतांश कायमच्या हातच्या जातील. ती मुदत उलटली आहे. सुस्थितीतील घरगुती फिती अजूनही वाजतात. मात्र दर पावसाळ्यागणिक त्यांची संख्या घटत जाणार हे उघड आहे.

कॅसेटमधील आवाज संगणकावर उतरवणे अवघड नाही. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून संगणकाच्या ध्वनिप्रवेशाला वायर जोडून, ध्वनिमुद्रणाच्या एखाद्या मोफत प्रणालीने हे काम होते. त्याआधी यंत्राचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावे. कॅसेटच्या मागील कडेवरची प्लास्टिकची छोटी जिभली मोडून टाकावी, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही भरले जात नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात. येथे घाई चालत नाही. बुरशी धरलेली फीत मात्र वाजवून पाहू नये. ती स्वतः तुटतेच, शिवाय हेडवरची बुरशी पुढच्या फितीला लागते. ते काम जाणकाराकडे सोपवावे. तयार झालेली प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि तिच्या नावातच साल, प्रसंग व बोलणाऱ्याचे नाव लिहावे. आवाज कोणाचा हे सांगणारे वडीलधारे घरात आहेत, तोवरच हे लिहून होते.

फ्लॉपी आणि घरी भरलेल्या सीडीलाही हाच न्याय लागू आहे. १.४४ एमबी क्षमतेच्या फ्लॉपीचे उत्पादन सोनीने २०११ मध्ये थांबवले. घरी भरलेल्या सीडीतील रंगद्रव्य ऊन आणि उष्णतेने उडते. फीत वा सीडी उतरवून झाल्याखेरीज ती वाजवणारे यंत्र विकू नये, हा या साऱ्यातील साधा नियम.

खणातला धोका

मोबाइल, लॅपटॉप व डिजिटल कॅमेऱ्यातील लिथियम बॅटरी जुनी झाली की तिच्यातील द्रव्याचे विघटन होऊन वायू तयार होतो आणि ती फुगते. फोनची मागची बाजू वर आलेली दिसणे ही त्याची खूण. अशी बॅटरी टोचू नये, दाबू नये, चार्जिंगला लावू नये. तिने पेट घेतल्याच्या घटना घडतात. काही कारणाने फोन ठेवायचाच असेल तर तो पूर्ण चार्ज किंवा पूर्ण रिकामा न ठेवता साधारण निम्म्यावर ठेवावा, थंड व कोरड्या जागी ठेवावा आणि काही महिन्यांनी तपासावा. रिमोट, ट्रान्झिस्टर, खेळणी यांतील सेल तर काढूनच ठेवावेत. पाझरलेला सेल आतले पत्रे खाऊन टाकतो आणि चांगला रेडिओ केवळ त्यापायी निकामी होतो.

पिक्चर ट्यूबच्या जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या काचेत शिसे असते. ट्यूब अखंड आहे तोवर ते काचेतच राहते, घरात पसरत नाही. परंतु ट्यूब आतून निर्वात असल्याने फुटल्यास काचेचे तुकडे वेगाने उडतात. संच बंद केल्यावरही आत उच्च दाबाची वीज साठून राहू शकते, म्हणून घरी तो उघडण्याचा प्रयोग करू नये. अनेक वर्षे बंद असलेला रेडिओ वा ॲम्प्लिफायर एकदम विजेला जोडणेही धोक्याचे असते. त्यातील कपॅसिटर कालांतराने बिघडतात आणि अचानक दाब आला की फुटतात. आधी मेकॅनिकला दाखवणे श्रेयस्कर.

भंगारात घातले की सुटले?

माळा रिकामा करायचा म्हणून सारे भंगारवाल्याला देणे हा सोपा मार्ग वाटतो. प्रत्यक्षात धोका केवळ दुसऱ्याच्या दारी जातो. दिल्लीतील सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे सर्किट बोर्ड उघड्या शेगडीवर तापवणे, आम्लात बुडवणे, तांब्यासाठी तारा जाळणे असे उद्योग वर्षानुवर्षे चालत आले. त्यातील शिसे, कॅडमियम आणि विषारी धूर हे काम करणाऱ्या माणसांच्या, त्यांच्या मुलाबाळांच्या शरीरात जातात.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार, २०२२ या वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. भारताचा वाटा सुमारे ४१ लाख टनांचा होता.

फोनमध्ये सोने असते म्हणून तो जपून ठेवणाऱ्यांनी टोकियोचा अनुभव पाहावा. २०२० च्या ऑलिम्पिकची पदके जुन्या उपकरणांतील धातूंपासून करण्यासाठी जपानने एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात सुमारे ७९ हजार टन उपकरणे गोळा केली. त्यांत सुमारे ६२ लाख मोबाइल होते. त्यातून सुमारे ३२ किलो सोने, साडेतीन हजार किलो चांदी आणि कांस्य धातूसाठी सुमारे २ हजार २०० किलो कच्चा माल मिळाला. सगळे सोने फोनमधूनच आले असे धरले तरी एका फोनमागे सुमारे पाच मिलिग्रॅम पडते. खणातल्या एका फोनला सोन्याचे मोल नाही. लाखो फोन एकत्र आले तर मात्र नवी खाण कमी खोदावी लागते.

कायद्याची वाट

भारतात ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. त्यानंतर २०१६ चे आणि १ एप्रिल २०२३ पासून २०२२ चे नियम अमलात आले. वस्तू बनवणाऱ्या कंपनीवरच तिच्या शेवटच्या विल्हेवाटीची जबाबदारी, हे या नियमांचे मुख्य सूत्र. ‘बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२’ हे वेगळे आहेत. त्यामुळे ग्राहकाने उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ग्राहक सेवा क्रमांकावर संकलन केंद्राची चौकशी करावी, अथवा नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे वस्तू द्यावी. उपकरणावर फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह असते. ते साध्या कचऱ्यात टाकू नये, एवढेच त्याचे सांगणे. वस्तू दुरुस्त होण्याजोगी असेल तर तो मार्ग आधी पाहावा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळावर सहभागी कंपन्यांच्या दुरुस्तीविषयी माहिती मिळते.

संग्रह आणि साठा

जुने ते सगळेच सोडावे असेही नाही. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, दौती अशा रोजच्या वापरातील वस्तू पाहायला मिळतात. कोणी एकेकाळी अडगळ म्हणून टाकल्या असत्या अशाच त्या आहेत. परंतु संग्रहात वस्तू निवडलेली असते, स्वच्छ ठेवलेली असते आणि तिची नोंद असते. साठ्यात यातले काहीच नसते. घरातील एखादा मर्फीचा रेडिओ जरूर जपावा. तो माळ्यावर न ठेवता दिसेल असा ठेवावा आणि कोणी, केव्हा, कितीला घेतला याची चिठ्ठी सोबत असावी. त्याच्या शेजारचे बंद पडलेले तीन डीव्हीडी प्लेयर आणि चार्जरच्या गुंडाळ्या मात्र वारसा नव्हेत.

आवराआवर कोणत्या क्रमाने?

* प्रथम सर्व उपकरणांतील सेल काढावेत. फुगलेल्या बॅटऱ्या वेगळ्या करून संकलन केंद्रात द्याव्यात.
* कॅसेट, व्हिडीओ कॅसेट, फ्लॉपी, सीडी यांची यादी करून घरगुती मुद्रणे आधी उतरवावीत.
* फोनमधील छायाचित्रे व संपर्क दुसरीकडे घ्यावेत, खात्यातून बाहेर पडावे, फॅक्टरी रीसेट करावे. सिम व मेमरी कार्ड काढावे.
* संगणकातील फाइल नुसती ‘डिलीट’ केल्याने पुसली जात नाही. हार्ड डिस्क पुसणाऱ्या प्रणालीने पुसावी किंवा काढून ठेवावी.
* वापरात येण्याजोगी वस्तू गरजूला लगेच द्यावी. दर वर्षागणिक तिची उपयुक्तता घटते.
* आठवणीसाठी ठेवायच्या वस्तू निवडून, नोंदीसह ठेवाव्यात.
* उरलेले सारे अधिकृत केंद्रात द्यावे आणि पावती घ्यावी.