दहावी खेळाडू

अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे डिसेंबर 1891 मध्ये जेम्स नाइस्मिथ यांनी बास्केटबॉलचा पहिला सामना खेळवला, तेव्हा प्रत्येक बाजूस 9 खेळाडू होते. कारण साधे होते : वर्गात विद्यार्थीच 18. आपल्या खो-खोतही मैदानात उतरतात ते 9 जणच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये या खेळाच्या नियमांना लेखी रूप देण्यास आरंभ केला. पुढे बास्केटबॉलचा आकडा 5 वर स्थिरावला, खो-खोचा मात्र 9 च राहिला. महिलांच्या विजेत्या संघाला राखीव खेळाडू किती लागतात, हा प्रश्न या दोन आकड्यांच्या संदर्भात पाहण्याजोगा आहे.

खो-खोत संघाची खोली नियमातच गोवलेली आहे. संरक्षण करणारा संघ तिघींच्या तुकड्यांनी मैदानात येतो. पहिली तुकडी बाद झाली की दुसरी, मग तिसरी. एक कुशल धावपटू डाव लांबवील, पण सगळा डाव तिच्यावर तोलता येत नाही. आक्रमणात तर आठ जणी चौकात बसलेल्या असतात, आणि त्यांतील एक जरी कच्ची निघाली तरी पाठलागाची साखळी तिथेच तुटते. पारंपरिक चमूत या नऊ जणींमागे तिघी राखीव असतात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक जलद स्वरूपाचा होता; मैदानात 7 आणि चमूत 15. महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी नेपाळला 78-40 असे हरवले.

बास्केटबॉलचा नियम अशी सक्ती करत नाही; तेथे पाच जणी पूर्ण सामना खेळू शकतात. कनेटिकट विद्यापीठाच्या महिलांनी 2001-02 चा हंगाम 39-0 असा जिंकला, तो मुख्यतः पहिल्या पाच जणींच्या बळावर. त्यांपैकी चौघी त्याच वर्षीच्या व्यावसायिक निवडीत पहिल्या सहांत आल्या. असे पंचक योगायोगानेच जमते. त्यावर धोरण आखता येत नाही. उलट एप्रिल 2024 च्या अंतिम सामन्यात आयोवाच्या केटलिन क्लार्कने एकटीने 30 गुण केले, तरी दक्षिण कॅरोलायना 87-75 अशी जिंकली. त्या दिवशी राखीव खेळाडूंच्या गुणांचा हिशेब होता 37 विरुद्ध शून्य!

बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मुलींना विजेतेपदाची पहिली पायरी अमरावती विद्यापीठाच्या स्पर्धांत चढावी लागते. ज्या वऱ्हाडातून अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू 1936 मध्ये बर्लिनला देशी खेळ दाखवून आले, तेथे परंपरेची वाण नाही. परंतु जेमतेम नऊ मुली जमवून निघालेला संघ पहिल्याच मुरगळलेल्या घोट्यापाशी संपतो. आणि परीक्षा, शेतीची कामे, ठरलेले लग्न ही कारणे घोट्याइतकीच अचानक येतात.

म्हणून आकड्यातच उत्तर हवे असेल, तर ते असे : खो-खोला नऊ जणींमागे किमान तिघी, बास्केटबॉलला पाच जणींमागे तीन-चार. मात्र यादीतले नाव म्हणजे राखीव खेळाडू नव्हे. जिने हंगामभर मैदानावर घाम गाळला आहे, हरत्या सामन्यातही जिला उतरवले आहे, तीच अंतिम सामन्यात उपयोगी पडते. संघाची खरी ताकद पहिल्या नऊ जणींवरून नव्हे, दहावीला किती खेळू दिले यावरून ओळखावी.