डॉसन सिटी : सुवर्णनगरीच्या इतिहासाची दुसरी बाजू

प्रस्तावना

ऐतिहासिक स्थळास भेट देणारा प्रवासी तेथील वास्तू पाहतो. परंतु त्या वास्तूंसाठी कोणाला जागा सोडावी लागली, हे त्याच्या दृष्टीस सहसा पडत नाही. कॅनडाच्या वायव्येकडील युकॉन प्रदेशातील डॉसन सिटी हे या संदर्भात अभ्यासण्याजोगे गाव आहे. युकॉन व क्लोंडाइक या नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव प्रदेशाची राजधानी व्हाइटहॉर्सपासून रस्त्याने सुमारे ५३० किलोमीटर दूर आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या अवघी १,५७७ होती. या गावाचा कोणता इतिहास जतन केला गेला आणि कोणता दुर्लक्षित राहिला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सोन्याचा शोध व नगराचा उदय

१६ ऑगस्ट १८९६ रोजी क्लोंडाइकच्या खोऱ्यातील रॅबिट क्रीक या ओढ्यात सोने सापडले. पुढे हा ओढा 'बोनान्झा' या नावाने प्रसिद्ध झाला. त्या वेळी तेथे जॉर्ज कारमॅक हा गोरा शोधक आणि कीश ऊर्फ 'स्कूकम जिम' व 'डॉसन चार्ली' हे त्याचे तागिश जमातीतील आप्त होते. शोधाचा मान असलेला पहिला खाणहक्क कारमॅकच्या नावे नोंदला गेला. तागिश मौखिक परंपरा मात्र शोधाचे श्रेय कीशला देते. नोंद आणि स्मृती यांतील ही तफावत क्लोंडाइकच्या इतिहासात आरंभापासूनच आढळते.

जुलै १८९७ मध्ये सोने घेऊन आलेली जहाजे सॅन फ्रान्सिस्को व सिॲटल येथे पोहोचली आणि सुमारे एक लाख लोक उत्तरेकडे निघाले. सीमेवरील पोलीस वर्षभराची शिधासामग्री असल्याखेरीज प्रवेश देत नसत. त्यामुळे जवळजवळ एक टन ओझे चिलकूट खिंडीतून अनेक फेऱ्या करून वाहून न्यावे लागे. निघालेल्यांपैकी निम्म्याहूनही कमी लोक डॉसनला पोहोचले. तोवर उत्तम खाणहक्क पूर्वीच घेतले गेले होते. गोठलेली जमीन शेकोट्या पेटवून वितळवावी लागे, हिवाळ्यात माती उपसावी लागे आणि वसंतात ती लाकडी पन्हळींतून धुवावी लागे. १८९९ मध्ये अलास्कातील नोम येथील सोन्याची वार्ता येताच हजारो लोकांनी डॉसन सोडले. एकट्या माणसाच्या खोऱ्याफावड्याची जागा पुढे भांडवलदार कंपन्यांच्या प्रचंड ड्रेजर यंत्रांनी घेतली. १९५३ मध्ये राजधानीही व्हाइटहॉर्सला गेली.

मूळ रहिवाशांचे विस्थापन

संगमावरील ही भूमी निर्जन नव्हती. हान भाषा बोलणाऱ्या ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचे ते सामन मासेमारीचे ठिकाण होते. 'क्लोंडाइक' हे नावच मुळी 'ट्रॉन्डेक' या शब्दाचा अपभ्रंश आहे. नदीत मासे अडवण्यासाठी खुंट ठोकण्याच्या दगडी हातोड्याशी त्याचा अर्थ निगडित आहे. सुवर्णार्थींच्या लोंढ्यामुळे १८९७ मध्ये चीफ आयझॅक यांनी आपल्या लोकांना नदीच्या खालच्या अंगास सुमारे पाच किलोमीटरवरील मूसहाइड येथे नेले. आपली गाणी व नृत्ये या परिस्थितीत टिकणार नाहीत, हे ओळखून त्यांनी ती अलास्कातील आप्तजनांकडे सांभाळण्यासाठी सोपवली. समाजाचा वारसा संग्रहालयात न ठेवता नात्यांत जपण्याची ही कृती इतिहासकाराने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

जतन आणि पुनर्विचार

आज डॉसनमध्ये येणाऱ्या प्रवाशास लाकडी पदपथ, गोठलेली जमीन वितळल्याने कललेल्या जुन्या इमारती आणि बोनान्झा ओढ्याकाठी जतन केलेला 'ड्रेजर क्रमांक ४' पाहावयास मिळतो. दीर्घकाळ या दर्शनात सुवर्णार्थीच नायक होता. परंतु १९९३ पासून मूसहाइड येथे एक वर्षाआड मेळावा भरू लागला. १९९८ मध्ये ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचा भूमी व स्वशासनविषयक करार झाला. त्याच वर्षी डॉसनमध्ये त्यांचे सांस्कृतिक केंद्रही उघडले. २०२३ मध्ये युनेस्कोने 'ट्रॉन्डेक-क्लोंडाइक' हे जागतिक वारसास्थळ घोषित केले. या नोंदीचा आधार सोन्याचे वैभव हा नसून १८७४ ते १९०८ या काळात वसाहतवादास सामोरे गेलेल्या मूळ रहिवाशांचा अनुभव हा आहे.

समारोप

डॉसनच्या वास्तू बदललेल्या नाहीत. त्यांचा अर्थ बदलला आहे. सोन्याचा बहर मोजून तीन वर्षे टिकला, त्याने घडवलेले विस्थापन मात्र शतकभर पुरले. म्हणून या गावाची भेट संगमावरील रस्त्यांवर न संपता मूसहाइडपर्यंत पोहोचली, तरच ती इतिहासाची भेट ठरेल. वारसा जतन करताना काय टिकले याबरोबरच कोण हलवले गेले याचीही नोंद ठेवली पाहिजे, हाच या छोट्या नगराच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.