मोबाईलच्या कॅमेऱ्यावर लेन्स प्रोटेक्टर लावावा का?

नवीन फोन घेतला की आपण टेम्पर्ड ग्लास टाकायला दुकानात जातो आणि तिथला दादा हमखास विचारतो, "कॅमेऱ्याला पण ग्लास टाकून देऊ का? दीडशेच फक्त." वीस हजारांच्या फोनपुढे दीडशे रुपये काय, म्हणून मीही "टाका" म्हणालो.

दोन महिन्यांनी मामेबहिणीची हळद होती. रात्रीची वेळ, अंगणात एलईडीच्या माळा, फोटो काढायचं काम माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी फोटो मोठे करून बघितले, तर प्रत्येक दिव्याच्या समोरच्या बाजूला एक हिरवट ठिपका, काळे केस राखाडी दिसतायत आणि फ्लॅश मारलेल्या फोटोंवर तर धुकं पसरल्यासारखा पांढरा थर. मला वाटलं, फोनच डिफेक्टिव्ह निघाला. दुरुस्तीवाल्याने काही न बोलता कॅमेऱ्यावरची ती काच काढली, तोच बल्ब, तोच फोटो पुन्हा काढून दाखवला. एकदम स्वच्छ! फोन ठीक होता. पण हळद काही परत लागणार नव्हती.

तेव्हापासून या विषयात जरा खोलात शिरलो. पहिली गोष्ट कळली ती ही, की फोनच्या मागे आपण ज्याला बोट लावतो ती लेन्स नसतेच. ती वरची सपाट काच असते. खऱ्या लेन्स, बहुतेक फोनमध्ये प्लॅस्टिकच्या चार-पाच ते सात छोट्या चकत्या, तिच्या आत असतात. म्हणजे कंपनीने प्रोटेक्टर आधीच लावून दिलेला आहे! ॲपलने २०१२ च्या आयफोन ५ पासून या जागी सफायर क्रिस्टल वापरायला सुरुवात केली. गोरिला ग्लास बनवणाऱ्या कॉर्निंगने २०२१ मध्ये खास फोनच्या कॅमेऱ्यांसाठी डीएक्स नावाची काच आणली, तिच्यावर प्रकाश कमी परावर्तित व्हावा असं कोटिंग असतं. आपण दीडशे रुपयांत जे चिकटवतो ते या काचेवरचं दुसरं झाकण.

मग बिघडतं कुठे? कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. काचेला दोन बाजू, म्हणजे ८ टक्के. एवढा प्रकाश कमी झाला तर फोटोत फरक जाणवत नाही. खरा त्रास हा की परत फिरलेला प्रकाश दोन काचांच्या मधे आणि लेन्समध्ये इकडून तिकडे उड्या मारतो आणि शेवटी सेन्सरवर भलत्याच जागी पडतो. तेच ते हिरवे ठिपके. (थोडे ठिपके प्रोटेक्टर नसतानाही येतात, म्हणून काच काढून तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.) फ्लॅशचं कारण वेगळं. एकाच मोठ्या काचेने कॅमेरे आणि फ्लॅश दोन्ही झाकले असतील, तर फ्लॅशचा उजेड काचेच्या आतूनच सरकत लेन्सपर्यंत येतो. म्हणून बऱ्या प्रोटेक्टरमध्ये फ्लॅशची जागा मोकळी सोडतात किंवा तिच्याभोवती काळी रिंग असते. ज्या फोनमध्ये लेझर ऑटोफोकस आहे, त्याचं ते बारीक भोक झाकलं गेलं की फोकसही चुकू शकतो.

आता पाकिटावरचं ते "९एच". हे वाचून आपल्याला वाटतं, हिऱ्याच्या खालोखाल कडक! तसं नाहीये. खनिजांचा कडकपणा मोजणाऱ्या मोहस् पट्टीवर हिरा १०, सफायर ९, वाळूतलं क्वार्ट्झ ७ आणि साधी काच साडेपाचच्या आसपास. पाकिटावरचा ९एच मात्र पेन्सिलच्या चाचणीतला असतो. म्हणजे ९एच पेन्सिलने ओरखडा पडत नाही, एवढंच. वाळूने पडतोच.

हा वाद मोठ्या कॅमेऱ्यांकडून आपल्याकडे आलाय. फिल्मच्या काळात अतिनील किरणांमुळे डोंगराचे फोटो निळसर, धूसर यायचे, म्हणून लोक यूव्ही फिल्टर लावायचे. डिजिटल सेन्सरवर तशी गाळणी आधीच बसवलेली असते, त्यामुळे आता तो फिल्टर फक्त संरक्षणासाठी उरलाय. तुमच्याकडे डीएसएलआर असेल तर माझं मत सांगतो: एरवी लेन्स हूड पुरतो, धक्काही बराचसा तोच झेलतो. समुद्रकिनारी, धुळीत किंवा गुलालात जाताना मात्र चांगल्या मल्टिकोटेड फिल्टरवर पैसे घाला. कॅननच्या काही एल सिरीज लेन्सना तर धूळ-पाण्यापासून पूर्ण बंदिस्त होण्यासाठी पुढे फिल्टर लावायलाच सांगितलेलं आहे. मोठ्या लेन्सवरचा बारीक चरा फोटोत सहसा दिसतही नाही. फोनचं तसं नाही, तिथे लेन्सचं तोंडच काही मिलिमीटरचं. बोटाचा एक ठसा सगळं झाकून टाकतो. "माझा कॅमेरा खराब झालाय" म्हणणाऱ्या मित्राचा फोन मी आधी सुती कापडाने पुसतो. अर्ध्या वेळा तिथेच काम होतं.

काही जणांना मी प्रोटेक्टर लावाच म्हणेन. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काम करत असाल तर ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतून बसतात. साइटवर रेती-सिमेंटमध्ये फोन खिशात असतो, तिथेही तेच. पण सगळ्या गोष्टींवर तो इलाज नाही. मिरवणुकीतला लेझर थेट कॅमेऱ्यात शिरला तर सेन्सर जळू शकतो, ही काच त्याला अडवत नाही. बाइकच्या हँडलला फोन लावल्यावर बसणारे हादरे कॅमेऱ्याच्या स्टॅबिलायझेशनला मारक ठरतात, ॲपलने २०२१ मध्ये तशी सूचनाच दिली होती. तिथेही ही काच काय करणार?

बाकीच्यांनी त्याच पैशात कॅमेऱ्याभोवती उंच कड असलेलं कव्हर घ्यावं. फोन टेबलावर ठेवला की काच टेकता कामा नये, एवढं बघा. आणि आधीच प्रोटेक्टर लावलेला असेल तर आज रात्री रस्त्यावरच्या दिव्याचा एक फोटो काढा, अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून दुसरा. मग काच काढून तेच दोन पुन्हा. काढताना ब्लेड किंवा सुई अजिबात घालू नका. हेअर ड्रायरची कोमट हवा थोडा वेळ दूरून द्या, कडेखालून दात साफ करायचा धागा सरकवा, गोंद सुटतो.