वर्दी, वही आणि बढती

गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, आणि मग एका ताईंनी लेकीचा विषय काढला. लेक पोलीस शिपाई आहे. रात्री मुलाला झोपवल्यावर तिनं मोबाइलवर अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची जाहिरात पाहिली. घरबसल्या एमए, विषय क्रिमिनल जस्टिस लीडरशिप. ताईंचं म्हणणं एवढंच, "सरकारी नोकरी लागली, आता आणखी शिकून काय करायचं?"

या प्रश्नाला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. आज तोच सांगतो.

आधी हा अभ्यास काय आहे ते पाहू. पोलीस, कोर्ट, तुरुंग, आणि सुटून आलेल्या कैद्यावर देखरेख ठेवणारं खातं, या सगळ्यांची मिळून फौजदारी न्याययंत्रणा होते. तिथं आधीच नोकरी करणाऱ्यांना वरच्या जागेवरून माणसं, पैसा आणि कायदा कसा सांभाळायचा हे या अभ्यासात शिकवतात. नोकरी सांभाळून साधारण दोन वर्षांत तो पुरा होतो.

पण पोलिसानं कॉलेजात जावं, हे सुरुवातीला कुणाला पटत नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात ऑगस्ट व्होल्मर नावाचा माणूस पोस्टमन होता. 1905 मध्ये तो निवडून येऊन तिथल्या पोलिसांचा प्रमुख झाला. स्वतःचं शालेय शिक्षण जेमतेम. तरी त्यानं 1908 मध्ये शिपायांसाठी शाळा काढली आणि 1916 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात गुन्हेशास्त्राचे वर्ग सुरू करवले. काठी धरता येणं पुरेसं नाही, पुरावा वाचता आला पाहिजे, असं त्याचं मत होतं.

त्याच राज्यात, लॉस एंजेलिस शहरात, 1910 मध्ये ॲलिस स्टेबिन्स वेल्स ही बाई पोलिसात भरती झाली. तिथं पोलिसांना ट्रामचा प्रवास फुकट असे. तिनं बिल्ला दाखवला, तर कंडक्टर म्हणाला, नवऱ्याचा बिल्ला वापरतेस! शेवटी खात्याला तिच्यासाठी 'महिला पोलीस, क्रमांक 1' असा वेगळा बिल्ला काढावा लागला.

आता घरबसल्या शिक्षणाचं. ते इंटरनेटनं सुरू झालेलं नाही. शिकागो विद्यापीठानं 1892 मध्येच टपालानं धडे पाठवायला सुरुवात केली होती. ज्याला घर, शेत, नोकरी सोडता येत नाही, त्याच्या दारात शिक्षण न्यायचं, हा विचार तेव्हाचा. पुढं संगणक आला आणि टपालाचं काम त्यानं उचललं.

पोलिसांच्या शिक्षणाला खरा जोर आला तो 1967 नंतर. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगानं सांगितलं की पुढंमागं प्रत्येक पोलीस पदवीधर असावा. 1968 च्या कायद्यानं त्यासाठी सरकारी पैसा उभा केला. त्यातली कर्जाची अट आपल्याला लगेच समजेल. शिकून पोलीस खात्यात नोकरी केली, की दर वर्षाला कर्जाचा पाव हिस्सा माफ. हजारो शिपाई कॉलेजात गेले. पैसा आला तसे बरे-वाईट अभ्यासक्रमही उगवले. 1978 च्या एका अहवालानं स्पष्ट म्हटलं की अनेक ठिकाणी पदवीच्या नावाखाली नुसतं नोकरीचं प्रशिक्षण चाललंय.

पण शिकली म्हणून बाई वर चढली का? न्यूयॉर्कची फेलिशिया श्प्रिट्झर 1942 मध्ये पोलिसात लागली. एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर, 1961 मध्ये, तिनं सार्जंटच्या परीक्षेचा अर्ज भरला. तो परत आला. कारण एकच, परीक्षा फक्त पुरुषांसाठी. बाईच्या अंगात तेवढी ताकद नसते, असं खात्याचं म्हणणं. फेलिशिया कोर्टात गेली आणि 1963 मध्ये जिंकली. 1964 च्या परीक्षेला शंभरावर बायका बसल्या. पास झाल्या दोघीच, फेलिशिया आणि गर्ट्रूड शिमेल. 1965 मध्ये दोघी सार्जंट झाल्या, 1967 मध्ये लेफ्टनंट. शिमेल 1971 मध्ये कॅप्टन झाली, त्या खात्यातली पहिली बाई.

हे ऐकून आमच्या बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "म्हंजी अभ्यास तिनं केला, पण दार कोर्टानं उघडलं." आम्हाला ते पटलं. त्याचबरोबर हेही खरं, की दार उघडलं त्या दिवशी अभ्यास तयार नसता, तर ती परीक्षेत काय लिहिणार होती?

ताईंच्या लेकीला आम्ही अमेरिकेची फी डॉलरमध्ये मोजून दाखवली. ती तिच्या पगाराबाहेरची आहे. पण घरबसल्या शिकायला अमेरिकाच कशाला हवी? इग्नू 1985 पासून आहे आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून. कुठंही पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासा. त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता आहे का, आपलं खातं ती पदवी बढतीसाठी धरतं का, आणि परीक्षेला रजा मिळेल का. उत्तर लेखी घ्या, तोंडी नको.

चौथी गोष्ट घरातच विचारायची होती, ती आम्ही ताईंना विचारली. परीक्षेच्या दिवसांत नातवाला कोण सांभाळणार? ताई पदर सावरत म्हणाल्या, "मीच की. दुसरं कोण?" त्या महिन्याच्या वहीत आम्ही कर्जाच्या मागणीपुढं कारण लिहिलं, 'लेकीचं शिक्षण'.

तुमच्या गटाच्या वहीत असं कारण कधी लिहिलं गेलं असेल, तर आम्हाला जरूर कळवा.