ओट्यावरचे पोट्टे आणि दीडशे वर्षांचा शिक्का

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मागे कळमन्यात आमच्या गल्लीतल्या एका किराणा दुकानाचं कुलूप तुटलं. गल्ल्यातले पैसे आणि थोडं सामान गेलं. सकाळी सात वाजता दुकानासमोर पंधरा-वीस माणसं जमली आणि पोलीस यायच्या आधीच निकाल लागून गेला. एक काका म्हणाले, "ते देवळाच्या ओट्यावर रात्री अकरापर्यंत मोबाईल घेऊन बसतात ना पोट्टे, त्यांचंच काम हाय. गेमवाले. हरले असतीन पैसे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ते पोट्टे कोणता गेम खेळतात, त्यात पैसे लागतात का, एवढंही कोणी विचारलं नाही.

त्यातल्या एकाला मी ओळखतो. बाप मार्केट यार्डात हमाल. पोरगा आयटीआयला जातो, मिरचीचा हंगाम आला की पहाटे बापासोबत पोती उचलतो. रात्री तासभर चार मित्र मिळून बीजीएमआय खेळतात. घर एका खोलीचं, म्हणून ओट्यावर बसतात. त्या दिवशी बापाने त्याला चारचौघांत मारलं आणि मोबाईल फरशीवर आपटला. आयटीआयचे सगळे निरोप त्याच मोबाईलवर यायचे. चोर कोण हे आजपर्यंत कळलं नाही, पण पोरगा मात्र चोर ठरला.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. "गेम खेळणारा म्हणजे बिघडलेला" हा शिक्का आला कुठून? शोधत गेलो तर इतिहास बराच मागे गेला.

सुरुवात करू १८६७ पासून. त्या वर्षी इंग्रजांनी सार्वजनिक जुगाराचा कायदा केला. तो ज्या भागांसाठी केला त्यात मध्य प्रांत होता, म्हणजे आपलं नागपूर होतं. त्या कायद्याच्या बाराव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की निव्वळ कौशल्याच्या खेळांना हा कायदा लागू नाही. खेळ वेगळा आणि जुगार वेगळा, हे इंग्रज सरकारलाही मान्य होतं. पुढे १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तीच रेघ पक्की केली. ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर ठरतं ती जुगार नाही.

आपल्या पुराणातही हेच आहे बरं का. पांडवांचं वाटोळं पट मांडल्याने झालं नाही, पणाला राज्य लावल्याने झालं. आपण गोष्ट ऐकली, पण बोट दाखवलं ते पटाकडे.

ही गफलत फक्त आपलीच नाही. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरांनी, ला गार्डिया त्यांचं नाव, पिनबॉलच्या मशीनवर बंदी आणली. पोरं बिघडतात, शाळेचे पैसे मशीनमध्ये जातात, मागे गुंडांचा हात आहे, असं कारण दिलं. स्वतः हातोडा घेऊन मशीन फोडतानाचे त्यांचे फोटो आहेत. ती बंदी ३४ वर्षं चालली. १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाच्या तरुणाने नगर परिषदेच्या लोकांसमोर मशीनवर खेळून दाखवलं. बॉल कुठे जाणार ते आधी सांगितलं आणि तिथेच घातला. हे नशीब नाही, हाताचं कसब आहे, हे लोकांना दिसलं आणि बंदी उठली.

आता परत नागपूरला येऊ. माझ्या वयाच्या लोकांना नव्वदच्या दशकातले व्हिडिओ गेम पार्लर आठवत असतील. अंधारी खोली, दोन-चार मशीन, रुपयाला एक कॉइन. स्ट्रीट फायटर असायचा आणि आपण ज्याला "मुस्तफावाला गेम" म्हणायचो तो असायचा. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, हे मला तिशीत कळलं. घरी कळलं की मार ठरलेला. का? तर काही पार्लरांत मागच्या खोलीत वेगळी मशीन असायची, आकडा लावायची. धाड पडली की पेपरात यायचं, "व्हिडिओ गेम पार्लरवर छापा, जुगारी अटकेत." मुस्तफा खेळणारं दहा वर्षांचं पोरगं आणि मागे पगार उडवणारा माणूस, दोघांवर एकाच पाटीचा डाग बसला. १९९५ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की अशा पार्लरांवर परवान्याचं बंधन घालता येतं. ते बरोबरच होतं, नियम हवेतच. पण नियम दुकानाला होता. डाग मात्र पोरांवर राहिला.

ज्यांच्या घरी ऐपत होती त्यांच्याकडे टीव्हीला जोडायचा गेम आला. कॅसेट टाकायची, नाही चालली तर फुंकर मारायची, मारिओ सुरू. त्या पोरांना कोणी बिघडलेलं म्हटलं नाही. "कसं हुशार आहे, सगळं जमतं त्याला," असं पाहुण्यांसमोर कौतुक व्हायचं. म्हणजे गेम घरात खेळला तर हुशारी आणि गल्लीत खेळला तर गुंडगिरी. ओट्यावरच्या पोरांची गोष्ट इथेच सुरू होते.

मग २०१७ साल आलं. ब्लू व्हेल आठवतो? मुंबईत एका मुलाच्या मृत्यूनंतर महिनाभर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. शाळांनी पालकांना बोलावून सूचना दिल्या. आयांनी रात्री पोरांचे हात तपासले. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कंपन्यांना त्याच्या लिंक काढायला सांगितलं आणि चौकशीला समिती नेमली. समितीने नोंदवलेल्या घटना तपासल्या. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने लोकसभेत सांगितलं की यातल्या एकाही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध झालेला नाही. तेव्हा गृह राज्यमंत्री आपल्या चंद्रपूरचे हंसराज अहिर होते. किती जणांना ही बातमी आठवते? भीती पहिल्या पानावर होती आणि खुलासा आत कुठेतरी कोपऱ्यात.

नंतर पबजी आला. २०१८ मध्ये मोबाईलवर आला आणि स्वस्त डेटामुळे हमालाच्या पोरापासून डॉक्टरच्या पोरापर्यंत सगळ्यांकडे एकच गेम झाला. हे याआधी कधी झालं नव्हतं. मार्च २०१९ मध्ये गुजरातेत राजकोट पोलिसांनी पबजीवर बंदी घातली आणि बंदी मोडली म्हणून पोरांना अटक केली. मोबाईलवर गेम खेळला म्हणून अटक, विचार करा.

२ सप्टेंबर २०२० ला केंद्राने पबजी बंद केला तेव्हा आपल्याकडे अनेकांनी म्हटलं, "बरं झालं, पोरं वाचली." पण सरकारचा आदेश वाचला तर त्यात पोरांचा अभ्यास, व्यसन, मारामारी यातलं काहीही नाही. एकूण ११८ ॲप बंद केली होती आणि कारण होतं देशाची सुरक्षा आणि लोकांचा डेटा. गलवाननंतरचा काळ होता तो. आपण आपल्या मनातलं कारण सरकारच्या तोंडी घातलं.

आणि आता गंमत बघा. त्याच्या तीन दिवस आधी, ३० ऑगस्टला, भारताने बुद्धिबळाच्या ऑनलाईन ऑलिम्पियाडचं सुवर्णपदक रशियासोबत वाटून घेतलं. त्या संघात नागपूरची दिव्या देशमुख होती, वय १४. ना हॉल, ना लाकडी पट. समोर स्क्रीन, हातात माऊस. अंतिम सामन्यात आपल्या दोन खेळाडूंचं इंटरनेट तुटलं, त्यातली एक दिव्या. त्यावरून अपील झालं आणि मग दोन्ही देश विजेते ठरले. तीच दिव्या जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला.

बुद्धिबळ आणि बीजीएमआय एकच, असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की स्क्रीनसमोर तासन् तास बसलेल्या पोरीचं आपण कौतुक करू शकतो, म्हणजे आपला राग स्क्रीनवर नाहीच. राग आहे तो "कोणाचं पोरगं, कुठे बसून" यावर.

आता लोकांच्या तोंडी असलेल्या दोन-तीन गोष्टी.

"मारामारीचे गेम खेळून पोरं मारकुटी होतात." ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या हजारावर मुलांचा अभ्यास छापला. पोरांना तर विचारलंच, पालकांनाही वेगळं विचारलं. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध त्यांना सापडला नाही. खेळताना पोरं चिडतात, शिव्या देतात, हे त्यांनी नाकारलं नाही. पण ते तर गल्लीतल्या क्रिकेटमध्येही होतं. एलबीडब्ल्यूवरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत.

"हे रिकामटेकड्या पोरांचं काम." यार्डात रात्री गाड्या लागलेल्या असतात तेव्हा एक चक्कर मारा. माल खाली व्हायची वाट बघणारे ड्रायव्हर मोबाईलवर लूडो खेळत असतात. घर हजार किलोमीटर दूर, तीन रात्रींची झोप नाही, त्या माणसाचा तो अर्धा तास आहे. आणि लूडो म्हणजे तरी काय? आपलीच पचिशी. इंग्रजांनी नेली, १८९६ मध्ये तिकडे पेटंट घेतलं आणि आपल्याला परत विकली.

"पोरीबाळी थोडीच खेळतात." शेजारच्या छिंदवाड्याची पायल धारे गेम खेळूनच देशभर ओळखली जाते. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ज्या मोजक्या गेमर्सची भेट घेतली त्यात ती होती.

मग सगळं छानच आहे का? नाही. आणि हे लिहिलं नाही तर मी खोटा ठरेन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला. पण त्याच्या अटी बघा. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होतो, नुकसान होत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं. संघटना स्वतःच सांगते की हे खेळणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना होतं. त्या थोड्यांना डॉक्टर पाहिजे, पट्टा नाही.

आणि दुसरी खरी आग म्हणजे पैशांचे गेम. रमी, तीन पत्ती, रंगावर पैसे लावायची ॲप. त्यात कर्जबाजारी झालेली माणसं यार्डातही आहेत, आणि ती ओट्यावर बसणारी पोरं नाहीत, चांगली पन्नाशीची, लेकरंबाळं असलेली माणसं आहेत. त्यांना कोणी "गेमवाले" म्हणत नाही, कारण ती एकटी, दार लावून खेळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला. त्यात तीन वेगळ्या पेट्या केल्या आहेत. ई-स्पोर्ट्सला मान्यता, साध्या मनोरंजनाच्या गेमना मोकळीक आणि पैसे लावायच्या गेमवर बंदी. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्येच केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे दिलं होतं.

म्हणजे १८६७ च्या कायद्याने खेळ आणि जुगार यांच्यात रेघ ओढली, २०२५ च्या कायद्यानेही ओढली. दीडशे वर्षांत ती ओढली नाही ती फक्त आपण, आपल्या गल्लीत.

याचं नुकसान फक्त त्या पोराचं नाही. सगळ्या पोट्ट्यांना एकाच पोत्यात भरलं की त्यातला खरा अडकलेला दिसत नाही. ज्याला मदत पाहिजे तोही तोंड उघडत नाही, कारण बोललं की मार. घरात कोणी खरंच अडकलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट आहे. पैशांची ऑनलाईन फसवणूक झाली असेल तर १९३० लावा.

आणि ओट्यावर बसणाऱ्या पोरांना एकदा विचारा, "काय खेळता रे, दाखवा बरं." मी विचारलं. आधी घाबरले, मग एकाने पूर्ण नकाशा समजावून सांगितला. कोण पुढे जाणार, कोण मागून सांभाळणार, पडलेल्याला कोण उचलणार. पंधरा मिनिटं ऐकत बसलो. डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं त्यांचं.

हमालाचं ते पोरगं अजून ओट्यावर परतलेलं नाही. मोबाईलची काच बदलली, आयटीआय सुरू आहे, पण संध्याकाळी घरातून निघत नाही. ज्या काकांनी निकाल दिला ते ही पोस्ट वाचतीलच. काका, राग मानू नका. तुम्ही मोठे आहात, गल्ली तुमचं ऐकते. म्हणून तुम्हालाच विनंती. एकदा त्याच्या घरी जा आणि म्हणा, "ये रे बाप्पा, बस ओट्यावर."

बाकी कोणाला पटलं नसेल तर कॉमेंटमध्ये बिनधास्त भांडा. फक्त शिक्का मारण्याआधी एवढं विचारा, खेळ होता की जुगार?